राहून गेलेली ओ

दत्तूनं मला हाक मारली होती आणि मी ती ऐकली होती. एवढं साधं वाक्य, पण आजवर मी ते कोणापुढे उच्चारलेलं नाही. आईपुढे नाही, बायकोपुढे नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तरी तेवढं ओलांडून पुढच्या मागणीकडे जात असे. आता पन्नाशीकडे झुकलो. दत्तू गेला. ज्यांनी मला जाब विचारला असता ती माणसंही गेली. मी धीट झालो अशातला भाग नाही; ज्यांची भीती होती ते कोणी उरलं नाही, इतकंच.

पण आधी दत्तू कसा होता ते सांगायला हवं. नाहीतर ही नुसती माझीच गोष्ट होईल, आणि ती सांगण्यासारखी नाही.

नाशकातल्या तांबट आळीत आमचं बिऱ्हाड होतं. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे आळीत आम्हीच काय ते हातोडा न धरणारे. आमची मधली खोली आणि दत्तूचं घर यांच्यात एकच भिंत होती. दत्तूची एक खोड सगळ्या आळीला ठाऊक होती. हाक कोणाचीही असो, कोणालाही असो, दत्तू ओ द्यायचा.

समोरच्या गंगूवहिनी दुपारी दारात येऊन नवऱ्याला हाक मारत, "अहो, ऐकलं का?" त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तेव्हा ती हाक तशी बेवारशीच. नवरा मान वर करायच्या आत दत्तूची "ओ!" आलेली असायची. हातातला हातोडा थांबायचा नाही.

"मेल्या, तुला नव्हे! आमच्या ह्यांना."

"त्यांना ऐकू गेली नसती तर, वहिनी? हाक वाया गेली असती."

"तू काय माझा नवरा लागून गेलास?"

"छे हो. मी आपली ओ देतो. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं."

आळीभर हशा पिकायचा. दत्तू हसायचा नाही. एखादं घंगाळ सरळ बसलं की मान डोलवायचा, तशी मान डोलवून कामाला लागायचा.

एकदा आम्ही दोघं संध्याकाळी गंगेवर बसलो होतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पलीकडच्या पायऱ्यांवर यात्रेला आलेली कोणी म्हातारी चुकामूक झालेल्या सोबतिणीला हाका मारत होती, "सखूऽ, अगं सखूऽ." पाण्यावर दिव्यांची प्रतिबिंबं हलत होती आणि ती हाक त्यांच्यावरून सरकत आमच्याकडे येत होती. दत्तू उभा राहिला आणि अलीकडून मोठ्यानं म्हणाला, "ओऽ!" म्हातारी गप्प झाली. मग जरा वेळानं घाटावर बसली. मला राग आला.

"अरे, ती काय सखू आहे का? उगाच म्हातारीला फसवलंस."

"फसवलं कुठं? सखू सापडेल तिला. तोवर तिची हाक माझ्यापाशी ठेवली."

हे असं त्याचं बोलणं. तो शहाणा होता की खुळा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. दिसायला किरकोळ. नखांच्या कडा तांब्यानं हिरवट झालेल्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या सांध्यावर एक मोठा घट्टा होता. तांबटाच्या हातावर घट्टे असतात, पण ते तळव्याला. सांध्यावर घट्टा पडावा असं त्या धंद्यात काहीच नाही. मी तो घट्टा पाहत असे आणि नजर काढून घेत असे.

मठारकामात दत्तूचा हात फार सुरेख होता. भांडं घडलं की त्यावर हातोडीचे लहान लहान ठोके शेजारी शेजारी बसवत जायचे, म्हणजे पत्रा कडक होतो आणि उन्हात अंगावर खवले आल्यासारखा चमकतो. दत्तूनं मठारलेला हंडा अंगणात ठेवला की भिंतीवर उजेडाचे मासे पोहत. आणि झोप? ती तर अजबच. गणपतकाका, म्हणजे त्याला वाढवणारे त्याचे चुलते, बंब ठोकत असले की नवख्या माणसाच्या कानठळ्या बसायच्या. हा त्यांच्या शेजारी गोणपाटावर तान्ह्या मुलासारखा झोपायचा. "ठोका चालू आहे म्हणजे माणूस आहे," तो म्हणायचा. "माणूस आहे म्हणजे झोपायला हरकत नाही."

पण अमावास्येला आळीत ठोके बंद. ही जुनी रीत. हत्यारं धुऊन ठेवायची, त्यांना हळदकुंकू लावायचं आणि दिवसभर हातोडा उचलायचा नाही. त्या दिवशी आळी ओळखू येत नसे. कबुतरांचे पंख ऐकू येत. कोणाच्या तरी घरात पोळी तव्यावर टाकल्याचं कळे. मला लहानपणी वाटायचं की आळी पाण्याखाली गेली आहे आणि आपण तळाशी बसून वर पाहतो आहोत.

दत्तूला नेमकं त्याच दिवशी व्हायचं. सकाळी तो बरा असे. उन्हं वर आली की मान ताठ होई, दातखीळ बसे, हातपाय गार पडत. घामानं सदरा भिजे. पाणीसुद्धा घशाखाली उतरत नसे. भिंतीला पाठ लावून तो बसे, डोळे उघडे, पण आत कोणी नाही असे. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून सांध्यानं जमिनीवर ठोके देत राही. ठक. ठक. थांबून पुन्हा ठक. दुसऱ्या दिवशी आळीतला पहिला हातोडा पडला की तो जागच्या जागी कलंडे आणि झोपे. उठला की काकूंकडे भाकरी मागे. काल काय झालं हे त्यानं कधी सांगितलं नाही.

आळीनं याचा उलगडा करून टाकला होता. अमावास्येला होतं, म्हणजे बाहेरचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, काळीज ठणठणीत आहे म्हणाले, कडू औषध दिलं. गणपतकाका बाटली घेऊन घरी आले आणि म्हणाले, "अमावास्या कुठल्या डॉक्टरानं तपासायची?"

मलाही तसंच वाटायचं. म्हणजे, तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

ते दिवस हरताळांचे होते. एके दिवशी पुढाऱ्यांना धरल्याची बातमी आली आणि सगळी पेठ बंद झाली. आमच्या आळीनंही हातोडे ठेवले. शुक्ल पक्ष होता, कोजागरी तोंडावर आलेली. अमावास्येचा काही संबंध नव्हता. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. शाळाही बंद, म्हणून घरी होतो. दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. ठक. ठक.

मी धावत गेलो. दत्तू भिंतीला पाठ लावून बसला होता. तीच मान, तोच घाम. काकू रडत म्हणाल्या, "आता तर तिथीसुद्धा पाळेना रे मेलं!" आणि मी उंबऱ्यात उभा राहिलो. मला सगळं कळलं. अमावास्या नव्हतीच कधी. आळी गप्प झाली की दत्तूला होत होतं. ही शांतता त्याला आधी कधी भेटली होती, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि मला.

मानमोडीच्या साथीचं साल. इन्फ्लुएन्झा हे नाव आम्हाला पुढे कळलं, तेव्हा मानमोडीच. आम्ही दोघं अजून शाळेतही न जाणारी पोरं. आमच्या मधल्या भिंतीवर एक खेळ चालायचा. त्यानं पलीकडून ठोका द्यायचा आणि हाक मारायची, "बंडोबाऽ"; मी इकडून "ओ" द्यायची. मग मी ठोका द्यायचा, ओ त्याची. घरी मला बंडू म्हणत. बंडोबा म्हणणारा दत्तू एकटा.

साथ आली आणि आळीतले हातोडे थांबले. कोणी आजारी, कोणी गावाला पळालेलं, कोणी स्मशानात. दत्तूचे वडील आधी गेले. गणपतकाका स्वतः देवळालीला सासुरवाडीत तापानं पडले होते. दत्तूच्या घराला आतून कडी होती आणि आवाज नव्हता. लोकांना वाटलं, त्याची आई मागच्या दारानं पोराला घेऊन सिन्नरला माहेरी गेली. कोणाला खात्री करायला बळ नव्हतं.

आईनं मला बजावून ठेवलं होतं, "कोणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. साथ ओळखीच्या आवाजात बोलावते. ओ दिली की घेऊन जाते." तेव्हा घराघरात मुलांना हेच सांगत.

आणि भिंतीपलीकडून ठोका आला. हातोडीचा. मग हाक. "बंडोबाऽ."

मी पांघरूण तोंडावर ओढलं. ठोका आणि हाक, ठोका आणि हाक. पुढे हातोडी जड झाली असावी. नुसत्या बोटाचे ठोके येऊ लागले. आवाज बारीक होत गेला. आई तापात होती, तरी तिनं मान उचलून विचारलं, "बंडू, भिंतीशी काही वाजतंय का रे?"

मी म्हणालो, "नाही."

इथं मला खरं सांगायचं आहे, म्हणून नीट सांगतो. मी भ्यालो होतो हे खरं. पण ती साथ नव्हे, दत्तू आहे, हे मला ठाऊक होतं. साथीला बंडोबा हे नाव कुठून कळणार? मला ठाऊक होतं आणि मी नाही म्हणालो. पुढे गणपतकाका उठून आले आणि त्यांनी दार फोडलं. दत्तू आईच्या गार हाताखाली पडलेला होता, वरच्या कडीला हात न पुरलेला. तो किती दिवस तसा होता, हे मोठी माणसं आपसांत बोलत. मी तिथून उठून जात असे.

तर हरताळाच्या त्या दुपारी मी उंबऱ्यात उभा होतो. गणपतकाकांना इतकंच सांगायचं होतं, "काका, अमावास्या नाही. त्याला शांतता बाधते. अमावास्येला त्याच्याजवळ कोणीतरी काहीतरी वाजवत बसा." काका म्हणाले असते, तुला रे काय माहीत? मग मला सांगावं लागलं असतं. मी घरी परत आलो.

दत्तूची सुपारी फुटलेली होती. मुलगी चांदोरीची. लग्नाआधी बाहेरचं काढून टाकावं म्हणून काकांनी त्याला पेठ गावच्या रस्त्याला एका देवऋषीकडे न्यायचं ठरवलं. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही बरोबर चला. तुमचं ऐकतो तो." बैलगाडीत दत्तू माझ्या शेजारी बसला होता. रस्ताभर करवंदीच्या जाळ्या आणि वर स्वच्छ आभाळ. बैलांच्या घुंगरांवर तो डुलक्या काढत होता. मी त्याला उठवून सांगू शकलो असतो.

देवऋषीनं मिरच्यांची धुरी दिली. निंबाच्या फोकानं मारत विचारू लागला, "बोल, कोन हाय तू? नाव सांग!" आतलं कोणी असेल तर त्यानं नाव सांगावं, असा तो प्रकार. दत्तू प्रत्येक वेळी म्हणत होता, "ओ." देवऋषीला वाटलं, भूत चेष्टा करतंय. शेवटी त्यानं दत्तूच्या उजव्या तळव्यावर कापूर पेटवला. मी बाहेर चिंचेखाली उभा होतो. "ओ" मला तिथंही ऐकू येत होती.

तळवा महिनाभर पिकला. बोटं पुढे पुरती मिटेनात. हातोडीवर पकड राहिली नाही, मठारकाम सुटलं. चांदोरीकरांच्या कानावर गेलं आणि सुपारी मोडली. गंगूवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या म्हणाल्या, "माझ्या हाकेला ओ देणारा तेवढा एक होता रे आळीत." दत्तू म्हणाला, "वहिनी, हात गेलाय. तोंड शाबूत आहे."

त्यानंतरच्या अमावास्येला मी शाळेतून रजा घेतली. मधल्या खोलीचं दार लावलं. तांब्या पालथा घातला आणि भिंतीशी बसून पळीनं त्यावर ठोके देऊ लागलो. हलके, सारख्या अंतरानं, आळीतल्यासारखे. पलीकडची ठकठक चालू होती. मग ती मंदावली. मग थांबली. मी हात चालू ठेवला. खिडकीतून कवडसा आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती, आणि मला वाटलं की ही भिंत पाण्याची आहे, हात घातला तर पलीकडे जाईल.

मग पलीकडून आवाज आला. मोठ्या माणसाचा, जड, पण शब्द तोच.

"बंडोबा? तू आहेस का?"

माझी पळी हवेत राहिली. साथ नव्हती. आई आजारी नव्हती. मी मुलांना सत्य बोलावं म्हणून शिकवणारा मास्तर होतो. एका अक्षराचं काम होतं. पण ओ दिली की पुढचा प्रश्न येणार: मग तेव्हाही होतास? मी पळी हळूच जमिनीवर ठेवली, आवाज होऊ नये अशी. पलीकडे तो वाट पाहत राहिला. ती वाट पाहणं मला भिंतीतून ऐकू आलं. आणि मग, ठक. ठक. पुन्हा सुरू.

लहानपणीची ओ भीतीनं राहिली, असं म्हणून मी कधी कधी स्वतःला सोडतो. ही ओ मी ठेवून घेतली.

दत्तूनं मालेगावला जायचं ठरवलं. तिथं घरोघर माग आहेत, धोट्यांची खटखट दिवसभर थांबत नाही, असं कोणीतरी सांगितलं होतं. भांडी ठोकणं नाही तर कल्हई तरी करता येईल. आग्रा रोडच्या फाट्यावर मी त्याला मोटारीत बसवायला गेलो. वळकटी मांडीवर घेऊन तो झाडाखाली बसला होता.

"बंडोबा, एक सांगू? हसू नकोस."

"सांग."

"लहानपणी त्या खोलीत होतो ना, तेव्हा मला वाटायचं, पलीकडे कोणीतरी ऐकतंय. ओ येत नव्हती. पण ऐकणारं माणूस असलं की भिंत वेगळी लागते बोटाला. म्हणून मी ठोकत राहिलो. नाहीतर आईबरोबर झोपलो असतो कायमचा."

मी मोटारीच्या दिशेनं पाहत होतो. धूळ उठली होती.

"कोण होतं, ते मी कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "विचारलं आणि कोणी नव्हतं असं निघालं तर?"

मोटार आली. मी म्हणालो, "पोचलास की निरोप धाड." तो चढला आणि टपावरच्या हमालानं खालच्याला हाक मारली, "अरे रामाऽ!" आतून दत्तूची ओ आली. मोटार हसली आणि निघाली.

पुढे काही वर्षांनी मी मालेगावला गेलो. दुसरं काम काढलं होतं, पण गेलो सांगायलाच. शुक्रवार होता. शुक्रवारी माग बंद असतात हे मी विसरलो होतो. मोहल्ल्यात शिरलो आणि ती शांतता अंगावर आली. दत्तू एका विणकराच्या घराच्या पडवीत राहत होता. मी अंगणात पाऊल ठेवलं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून बसला होता. पण हातात कल्हईचं पातेलं होतं, आणि तो ते शांतपणे पुसत होता.

आतून म्हाताऱ्या बाईची हाक आली, "दत्तूऽ!"

"ओ, अम्मी!"

बाई बाहेर आली नाही. काही काम सांगितलं नाही. जरा वेळ गेला. पुन्हा, "दत्तूऽ!"

"ओ!"

दत्तू मला पाहून उठला, मिठी मारली, चहा सांगायला धावला. अम्मी दारात आल्या. मी विचारलं, "आप इसको बार बार बुलाती हैं, कुछ काम है क्या?"

"काम क्या होना, बाबा," त्या म्हणाल्या. "जुम्मे को करघे बंद रहते ना, तो ये बच्चा ऐसा ठंडा पड़ के बैठ जाता था। सब बोले जिन है। मैं बोली, जिन-विन कुछ नहीं, डरता है। तो बस पुकारती रहती हूँ। अपना क्या जाता है?"

त्यांनी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. त्यांना खोली ठाऊक नव्हती, साथ ठाऊक नव्हती, भिंत ठाऊक नव्हती.

चहा पिताना मी दत्तूकडे पाहिलं. तो अंगानं भरला होता. सांध्यावरचा घट्टा मऊ पडला होता. मला वाटलं, आता सांगून याची झोप का मोडायची? हे कारण चांगलं दिसतं. खरं असं की त्या बाईंसमोर मला ते सांगवेना. मी उठलो. निघताना मागून अम्मींची हाक आणि दत्तूची ओ ऐकू येत राहिली, गल्लीच्या वळणापर्यंत, मग नाही.

दत्तू पुढे साध्या तापानं गेला. निरोप उशिरा मिळाला. जाताना अम्मींचा मुलगा जवळ होता. तो म्हणाला, शेवटी अम्मी हाक मारत होत्या आणि दत्तू ओ देत होता, आवाज बसला तेव्हा ओठ हलवत होता.

मी अजून त्याच बिऱ्हाडात राहतो. आळीतले हातोडे कमी झालेत, लोक जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी घेतात. अमावास्या नसलेल्या दुपारीही आता आळी पाण्याखाली जाते. अशा वेळी मधल्या खोलीत मी भिंतीला तळहात लावून बसतो. बायको विचारते, "ओल आलीय का?" मी हो म्हणतो.

मी दत्तूला एक ओ देणं लागतो.